बारा वर्षांच्या कुत्रीची स्तनगाठ: शस्त्रक्रिया करावी की नाही, हे कशावरून ठरवावे

जुळे सोलापुरातून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली स्पिट्झ जातीची कुत्री सोनी साडेबारा वर्षांची असून तिची नसबंदी झालेली नाही. मागच्या डाव्या आचळाजवळ दिवाळीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपून महिनाही झाला नाही तोवर ती लिंबाएवढी झाली आहे. एका डॉक्टरांनी ती लगेच काढायला सांगितली, दुसऱ्यांनी या वयात भूल सोसणार नाही म्हणून राहू द्या म्हटले. तिला रात्री अधूनमधून खोकला येतो आणि ज्यांच्या पायाशी ती रोज झोपते त्या आपल्या आईंना तिच्या अंगाला सुरी लावणेच मान्य नाही.

सोनीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा, हे गृहीत धरून माझा कल आधीच सांगतो. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांत गाठी दिसल्या नाहीत आणि हृदय व मूत्रपिंडे भूल सोसण्याइतकी ठीक असली, तर ही गाठ काढावी, लवकर काढावी आणि शस्त्रक्रिया गरजेपुरतीच ठेवावी. वयाचा विचार यात येतोच, पण तो लोक करतात त्याच्या उलट बाजूने. स्पिट्झ साधारण तेरा ते पंधरा वर्षे जगतो. म्हणजे सोनीला अजून वर्ष-दोन वर्षे सहज मिळू शकतात, आणि तीन महिन्यांत हरभऱ्याची लिंबू झालेली गाठ तेवढा काळ गप्प बसणार नाही. गाठ फुटण्याची वेळ आधी येणार की तिचे आयुष्य आधी सरणार, या एका प्रश्नाभोवती बाकीच्या सगळ्या तपासण्या फिरतात. कुत्र्याचे हृदय थकलेले आहे, मूत्रपिंडे काही महिन्यांचीच सोबती आहेत आणि गाठ वर्षभर तेवढीच आहे, असे असेल तर मी शस्त्रक्रियेचे नाव काढत नाही. आपल्याकडचे चित्र, निदान आपण लिहिले आहे त्यावरून, तसे दिसत नाही.

‘राहू द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार. पण त्या सल्ल्याचा एक शेवट मी जवळून पाहिला आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबाच्या कुत्रीला बाराव्या वर्षी सुपारीएवढी गाठ होती. वय पाहून घरच्यांनी शस्त्रक्रिया नको म्हटले आणि मीही फारसा आग्रह धरला नाही. चौदाव्या वर्षी ऐन पावसाळ्यात ती गाठ नारळाएवढी होऊन चालताना जमिनीला घासू लागली, कातडी फुटली, माश्या बसल्या आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या पडल्या. मग शस्त्रक्रिया करावीच लागली, पण ती ताप असलेल्या, अंगात रक्त कमी झालेल्या आणि दोन वर्षांनी अधिक थकलेल्या जिवावर. ती वाचली, मात्र जखम भरायला दीड महिना लागला. ज्या वयाला घाबरून आम्ही ती शस्त्रक्रिया टाळली होती, त्याहून जास्त वयात तीच शस्त्रक्रिया चौपट मोठी होऊन आमच्यासमोर आली होती.

आता गाठीविषयी. कुत्रीला साधारणपणे आचळांच्या पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथींचा भाग जास्त असल्यामुळे बहुतेक गाठीही तिथेच होतात. ढोबळ हिशेब असा की स्तनगाठींपैकी सुमारे निम्म्या साध्या निघतात, निम्म्या कर्करोगाच्या, आणि कर्करोगाच्या गाठींपैकीही सुमारे निम्म्याच पुढे शरीरात पसरतात. छोट्या जातींत कर्करोगाचे प्रमाण आणखी कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. गाठीचा आकार इथे फार बोलका असतो. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या गाठीचे पुढचे भवितव्य बहुधा चांगले असते आणि ५ सेंटिमीटरच्या पुढे ते झपाट्याने बिघडते. आपण लिंबाएवढी म्हणता, पण कागदी लिंबूही ३ चे असते आणि ४ चेही. म्हणून आजच शिवणकामाच्या टेपने लांबी-रुंदी मोजून तारखेसह लिहून ठेवावी आणि दर आठवड्याला पुन्हा मोजावी. बाकीची नऊ आचळेही बोटांच्या चिमटीत धरून हलकेच तपासावीत, कारण एक गाठ असलेल्या कुत्रीला दुसरी लहान गाठ असणे अगदी नेहमीचे आहे.

गाठीत सुई घालून पेशी काढण्याची तपासणी करावी का, हे आपण विचारले आहे. करावी. सुई लावली की गाठ चिडते आणि पसरते, ही भीती सोलापुरात घरोघरी आहे, पण स्तनगाठीच्या बाबतीत तिला आधार नाही. मात्र या तपासणीकडून अपेक्षा योग्य ठेवावी. स्तनगाठ साधी की कर्करोगाची, हे ती दर वेळी खात्रीने सांगू शकत नाही. ती गाठ म्हणजे नुसता चरबीचा गोळा आहे, पू आहे की मास्ट पेशींचा, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा, कर्करोग आहे, हे मात्र बहुधा कळते आणि त्यावर पुढचे सगळे बदलते. चरबीची गाठ असेल तर शस्त्रक्रियेचा विषयच संपतो. मास्ट पेशींची गाठ असेल तर तिच्याभोवती २ ते ३ सेंटिमीटर निरोगी कातडीसह ती काढावी लागते. शिवाय दाबल्याने किंवा चोळल्याने तिच्यातून हिस्टामिन सुटून कुत्र्याला उलट्या होऊ शकतात आणि रक्तदाब खाली येऊ शकतो. गाठीला तेल-हळद लावून रोज मालिश करणारे बरेच जण माझ्याकडे येतात. सोनीच्या बाबतीत तसे काही सुरू असेल तर ते आजच थांबवावे.

एका प्रकारच्या स्तनकर्करोगात मात्र मी शस्त्रक्रिया करतच नाही. गाठीऐवजी आचळांचा सगळा पट्टाच लाल, गरम, कडक आणि हात लावू न देण्याइतका दुखरा होतो, मागचा पाय सुजतो आणि पाहणाऱ्याला ती आचळांची साधी सूज वाटते. या दाहयुक्त कर्करोगात टाके जुळत नाहीत, आजार कापलेल्या रेषेवरच पुन्हा उगवतो आणि कुत्रीकडे बहुधा काही आठवडेच असतात. सोनीची गाठ सुटी आहे आणि बोटांखाली हलते, असे आपण लिहिले आहे. हे लक्षण चांगले आहे.

छातीच्या एक्स-रेविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका लॅब्राडोर कुत्रीच्या एका बाजूची पाचही आचळे मी काढली. एक्स-रेसाठी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावे लागले असते, घरच्यांना घाई होती आणि तिचे खाणे-पिणे उत्तम होते, म्हणून मी ती तपासणी सोडून दिली. टाके सुंदर भरले. पाचव्या आठवड्यात ती धापा टाकत आली, तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे गाठींनी भरलेली होती. त्या गाठी शस्त्रक्रियेच्या दिवशीही तिथे असणार. तिच्या आयुष्याचा शेवटचा महिना मी गळ्यातली कॉलर, टाके आणि वेदना यांत घालवला आणि बदल्यात तिला काहीही दिले नाही. म्हणून सोनीची छाती उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर किंवा पोटावर, अशी तीन बाजूंनी पाहावी. एकाच बाजूने काढलेल्या चित्रात खालच्या फुप्फुसातली गाठ सहज लपते. तिन्ही चित्रे स्वच्छ आली तरी सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत, हेही मनात ठेवावे. स्वच्छ एक्स-रेचा अर्थ एवढाच, की डोळ्यांना दिसण्याइतका आजार आज तिथे नाही.

तिच्या खोकल्याचा अर्थही याच एक्स-रेतून लागेल. खोकला म्हटले की घरचे लोक कर्करोग फुप्फुसात गेला असे धरून चालतात. पण पॉमेरेनियन आणि स्पिट्झसारख्या छोट्या जातींत म्हातारपणी खोकल्याची दोन कारणे त्याहून जास्त आढळतात. एक, श्वासनलिका सैल पडून चपटी होणे, ज्यात उत्तेजित झाल्यावर किंवा पट्टा ओढल्यावर बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येतो. दुसरे, हृदयाची डावीकडची झडप जाड होऊन गळू लागणे, ज्यात हृदयाचा आकार वाढतो आणि खोकला रात्री किंवा विश्रांतीत येतो. सोनीचा खोकला रात्रीचा आहे, म्हणून डॉक्टरांना हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू येते का, हे आवर्जून विचारावे आणि येत असेल तर भूल देण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. मर्मर आहे म्हणून शस्त्रक्रिया बाद होत नाही. पिमोबेंडनसारखे हृदयाला बळ देणारे औषध आधी सुरू करून, सलाईनचा वेग कमी ठेवून अशा कित्येक कुत्र्यांना सुखरूप भूल देता येते, मात्र भूल देणाऱ्याला ते आधी माहीत असावे लागते. घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी फार उपयोगाची आहे. सोनी गाढ झोपलेली असताना तिची छाती एका मिनिटात किती वेळा वर येते, ते सलग चार-पाच रात्री मोजावे. हा आकडा ३० च्या आत असावा. रोज त्याच्या वर जात असेल तर गाठ बाजूला ठेवून आधी हृदय आणि फुप्फुसांकडे पाहावे लागेल.

रक्ततपासणीत माझे लक्ष सर्वांत आधी प्लेटलेटकडे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींकडे, जाते आणि त्याचे कारण आपल्या भागातल्या गोचिडी आहेत. गोचीडतापाचे जंतू कुत्र्याच्या शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, दबून राहतात. कुत्री खाते-पिते, खेळते, पण प्लेटलेट दोन लाखांच्या खूप खाली गेलेल्या असतात आणि कातडीला छेद दिल्यावर रक्त थांबत नाही. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा पूर्ण उपचार करून, प्लेटलेट पुन्हा तपासून मगच शस्त्रक्रियेकडे वळावे. गाठीच्या घाईत ही पायरी गाळू नये. मूत्रपिंडांसाठी रक्तातल्या केवळ क्रिएटिनिन या टाकाऊ घटकाच्या आकड्यावर विसंबणेही बरोबर नाही, कारण मूत्रपिंडांचे सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो आकडा वाढत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ डबीत नेऊन तिची घनता तपासली, तर कमी खर्चात बरीच आधी सूचना मिळते. यकृताची तपासणी, साखर आणि पोटाची सोनोग्राफी त्याच फेरीत करून घ्यावी.

आता भुलीविषयी, जिला आपण सगळे सर्वांत जास्त घाबरला आहात. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८,००० कुत्र्यांना दिलेल्या भुलीचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक, आणि आधीपासून आजारी असलेल्यांमध्ये सुमारे १.३३ टक्के, म्हणजे पंचाहत्तरांत एक, असे आढळले. बारा वर्षांवरील कुत्र्यांना धोका जास्त होता, हेही त्यात दिसले आणि ते मी लपवत नाही. पण निरोगी आणि आजारी यांच्यातली दरी पाहिली की वर सांगितलेल्या तपासण्यांचे मोल कळते, कारण सोनी या दोन्हींपैकी कोणत्या गटात बसते आणि भुलीची तयारी कशी करायची, हे त्याच ठरवतात. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी माझ्या मदतनिसांना वारंवार सांगतो: दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी शस्त्रक्रियेनंतर दगावली होती आणि त्यांतली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टाके घालून झाले की गाडी बोलावून घरी नेण्याची जी पद्धत आहे, ती म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी धोक्याची आहे.

त्यामुळे कुठे शस्त्रक्रिया करायची हे ठरवताना आपण काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि त्याचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येणार नाही. घशात नळी घालून ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेनची (श्वासातून दिली जाणारी) भूल देण्याची सोय आहे का? भुलीवर लक्ष ठेवायला शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज दुसरी व्यक्ती असेल का? रक्तदाब मोजला जाईल का? शुद्धीवर आल्यावर काही तास तिला तिथेच ठेवून घेतील का? झायलाझिन आणि केटामिनच्या इंजेक्शनांवर तरुण कुत्र्यांच्या नसबंद्या आपल्याकडे सर्रास होतात, पण झायलाझिनने हृदयाची गती आणि रक्ताचा पुरवठा बराच उतरतो, म्हणून सोनीच्या वयाला मी ते वापरणार नाही. या सोयी जवळ मिळत नसतील तर पुण्याला किंवा शिरवळ, उदगीर आणि परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी.

शस्त्रक्रिया किती मोठी असावी, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद असतात. एका बाजूचा पूर्ण पट्टा काढून टाकला की कुत्री जास्त जगते, असा समज पूर्वी होता. गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघत असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. म्हणून सोनीसाठी एकच गाठ असल्यास तेवढे आचळ आणि त्याला लागून असलेली जांघेतली लसिकाग्रंथी काढणे पुरेसे ठरावे. भुलीचा काळ त्यामुळे निम्म्यावर येतो. त्याच भुलीत नसबंदीही उरकावी का, याचे उत्तर सोनोग्राफीवर सोडावे. गर्भाशयात पू किंवा पाणी दिसत असेल, माजानंतर ती फार पाणी पिऊ लागली असेल, तर करावी. गर्भाशय स्वच्छ असेल तर या वयात पोट उघडून भुलीचा काळ वाढवायला मी तयार नसतो. काढलेली गाठ मात्र संपूर्ण, तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, बायोप्सीला गेलीच पाहिजे. खर्च वाचवायला लोक नेमकी हीच तपासणी सोडतात आणि मग पुढचे वर्षभर प्रत्येक खोकल्याला घाबरत राहतात.

एक्स-रेमध्ये फुप्फुसांत गाठी दिसल्या, तर माझे उत्तर नाही असे असेल. तेव्हा वेदनाशामक, जखम होऊ न देणे आणि तिचे दिवस सुखाचे ठेवणे, एवढेच काम उरते. मेलॉक्सिकॅमसारखे औषध मूत्रपिंडे तपासून डॉक्टरांनीच द्यावे. माणसांच्या आयब्युप्रोफेनची अर्धी गोळीसुद्धा देऊ नये, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती घातक ठरते. अशा काळात दिवस चांगले चालले आहेत की नुसते ढकलले जात आहेत, हे रोज पाहणाऱ्यालाच कळेनासे होते. त्यासाठी अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी मी घरच्यांना देतो: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणे-फिरणे आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यावेत आणि बेरीज ३५ च्या वर असेपर्यंत ती समाधानाने जगते आहे असे समजावे. बेरीज खाली येऊन तिथेच राहू लागली की दयामरणाचा विषय डॉक्टरांनी काढण्याची वाट पाहू नये.

आईंच्या विरोधाकडे मी हट्ट म्हणून पाहत नाही. आपल्या वडिलांच्या आजारात त्यांनी केमोथेरपीचे सात महिने पाहिले, असे आपण लिहिले आहे आणि सोनीच्या वाट्याला तेच येणार असे त्यांना वाटत असणार. त्यांना हे नीट सांगावे, की कुत्रीच्या स्तनगाठीत शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो, नंतरच्या केमोथेरपीचा ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही आणि सोनीसाठी मी ती सुचवणारही नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखेल, त्यावर औषध असेल, दहा ते चौदा दिवसांत टाके निघतील. आईंनाच एक्स-रेच्या वेळी बरोबर न्यावे आणि चित्र त्यांना दाखवावे. सोनीचे जेवणखाण त्याच पाहतात, तेव्हा त्यांच्या मनाविरुद्ध केलेल्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषाही नीट होणार नाही.

तपासण्या ठीक आल्या तर तारीख फेब्रुवारी संपायच्या आत घ्यावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दाट केसांच्या म्हाताऱ्या कुत्रीला त्या उन्हात ताजे टाके घेऊन ठेवणे कठीण असते. वेळ सकाळची पहिली मागावी, म्हणजे संध्याकाळपर्यंतचे सगळे तास डॉक्टरांच्या नजरेखाली जातील. आदल्या रात्री हलके जेवण द्यावे आणि पाणी पहाटेपर्यंत समोर राहू द्यावे, म्हाताऱ्या मूत्रपिंडांना रात्रभर कोरडे ठेवू नये. घरी आल्यावर पहिले दोन दिवस मऊ दही-भात किंवा मीठ-मसाला आणि कांदा न घातलेले चिकनचे पाणी पुरेसे आहे. भूल उतरताना कुत्र्याचे अंग थंड पडते आणि सोनीला आता नीट ऐकूही येत नाही, म्हणून ती रोज ज्या जुन्या सोलापुरी चादरीवर झोपते ती न धुता बरोबर न्यावी. शुद्धीवर येण्याच्या वेळी आईंना तिच्याजवळ बसू देण्याची परवानगी डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवावी.